चौथ्या कार्डावरील वाक्य

३ फेब्रुवारी

चि. स्वल्पी हीस,

मामाचा आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. त्यात ‘आणि’ने सुरू होणारी चार वाक्ये आहेत. एक मी लाडाने खपवून घेतले, दुसरे मामा म्हणून, तिसरे वयोमानामुळे. चौथ्याला क्षमा नाही. लहानपणी दर तीन शब्दांमागे दम घ्यायला थांबायचीस म्हणून मी तुला स्वल्पविराम म्हणू लागलो. आता तू न थांबता लिहू लागलीस, हेही मला फारसे आवडलेले नाही.

आता कामाचे. माझा इंग्रजी-मराठी पर्यायकोश ‘बोस्ट’ या शब्दापाशी अडला आहे. फुशारकीचे चार शब्द आहेत आणि लोक ते एकाच पोत्यात भरतात. ‘बोस्ट’ म्हणजे बढाई. पण तिच्या मुळाशी काही सत्य असू शकते. ‘ब्रॅग’ म्हणजे वल्गना. आवाज मोठा, माल थोडा. ‘व्हॉन्ट’ म्हणजे टेंभा मिरवणे, चारचौघांत थाटाने. आणि ‘क्रो’ म्हणजे कोंबड्यासारखे आरवणे, आपले ‘जितं मया’. मला या चारांसाठी बोलीतले जिवंत दाखले हवेत.

नियम तुला नवव्या वर्षापासून पाठ आहेत. एका कार्डावर एक वाक्य, जसे ऐकले तसे. वर तारीख, खाली वक्ता, श्रोता, प्रसंग. तीन दाखल्यांशिवाय वर्ग ठरवायचा नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचे कार्ड खोक्यात गेलेले नाही.

तुझ्या घरी तर या धान्याचे कोठारच आहे! जावई लग्नाची बोलणी करायला आले, तेव्हा पाव तासात त्यांनी सव्वीस वेळा ‘मी’ म्हटले. मी वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारून मोजले होते. तुझी मामी आत येऊन म्हणाली, ‘नकार द्या.’ मी म्हणालो, ज्याच्या हातात कसब आहे तो थोडी बढाई मारणारच.

मामी गुडघ्याच्या उपचारासाठी तिच्या बहिणीकडे, म्हणजे तुझ्याच शहरात, आली आहे. भेटेलच.

तुझा मामा


१२ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

कार्डं सोबत पाठवते आहे. आपली वाक्यं कोशात जाणार म्हणून हे फार खूश आहेत. येणारं पत्र आधी हे वाचतात, जाणारंही वाचून मगच पाकिटात घालतात, म्हणून अक्षर नीट काढलं आहे. तुमचं ‘सव्वीस वेळा मी’ वाचून हे हसले. जेवताना पुन्हा म्हणाले, ‘सव्वीस?’ आणि पुन्हा हसले.

मामी दोनदा येऊन गेल्याचं ह्यांच्याकडून कळलं. भेट झाली नाही. दाराला कुलूप होतं.

दुकान घराच्या खालीच असल्यामुळे जिन्यातून सगळं वर ऐकू येतं. चारही वाक्यांचा वक्ता एकच, कुलूप बनवणारे कारागीर.

कार्ड १. श्रोता: गिऱ्हाईक. प्रसंग: भाव पाडत होतं. ‘माझ्या दुकानातलं कुलूप नेलेला माणूस पुन्हा चोरीचं नाव काढत नाही.’

कार्ड २. श्रोता: शेजारचा दुकानदार. प्रसंग: सहज. ‘या अख्ख्या बाजाराला कुलूप म्हणजे काय ते मी शिकवलं.’

कार्ड ३. श्रोता: दोन कारागीर मित्र. प्रसंग: दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी हत्यारं घेऊन बसले आणि कुलूप न उघडता परत गेले. ‘बाकीची विकायला केली. हे एकच घरासाठी केलं. चार वर्षं लागली.’

कार्ड ४. श्रोता: घरातील व्यक्ती. प्रसंग: जेवणाला पाच मिनिटं उशीर. ‘मी मनात आणलं ना, तर तू या घरात होतीस हेसुद्धा कुणाला आठवणार नाही.’

चौथं लिहू की नको असं झालं होतं. हे म्हणाले, ‘लिही लिही, तेच सगळ्यांत झकास आहे.’

मामा, चौथं वाक्य कुठे घालायचं? बोस्ट की ब्रॅग? मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन. लवकर कळवा.

स्वल्पी


१९ फेब्रुवारी

चि. स्वल्पी हीस,

आशीर्वाद. कार्डे उत्तम. पहिले वाक्य व्यापारी. त्याचा वर्ग थांबवून ठेवतो. दुसरे ‘व्हॉन्ट’ असावे. तिसरे मात्र ‘बोस्ट’चा आदर्श नमुना: दोन जाणकार साक्षीदार, दिवसभराची परीक्षा, आणि न उघडलेले कुलूप! अशी बढाई मारण्याचा माणसाला हक्क आहे.

चौथे वाचून मला हसू आले. त्यात मोजमाप नाही, साक्षीदार नाही, ‘मनात आणलं तर’ अशी पळवाट मात्र आधीच ठेवलेली आहे. ज्याला करायचे असते तो सांगत बसत नाही. गरजेल तो पडेल काय? ही निखळ पोकळ वल्गना आहे. ‘ब्रॅग’. तीन दाखल्यांच्या नियमाचीदेखील मला येथे गरज वाटत नाही. जेवण पाच मिनिटे उशिरा मिळालेला पुरुष काहीही बोलतो. तुझ्या मामीला विचार, मी काय काय बोललो आहे.

मात्र ‘श्रोता: घरातील व्यक्ती’ हे काय लिहिणे झाले? घरात व्यक्ती किती? मांजर धरून? मी तुला असे शिकवलेले नाही. नेमका श्रोता लिहून नवे कार्ड पाठव.

तुझा मामा


१४ मार्च

मामांना जावयाचा नमस्कार.

अक्षर बघून दचकू नका, माझंच आहे. शाळेत अक्षराचं बक्षीस दरवर्षी मलाच. तुमच्या भाचीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. जिन्यात पाय घसरला. बाजारातला सगळ्यांत महागडा डॉक्टर घरी आणला, तो माझ्या शब्दाबाहेर नाही.

तुमचं पत्र मी तिला जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायला लावलं. ‘निखळ पोकळ’पाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, थांबलीस का? वाच की. दोनदा वाचून घेतलं. मामा, मला पोकळ म्हणणारा अजून जन्माला यायचाय! तुम्ही वडीलधारे, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण घरात गैरसमज नको, म्हणून तिचा तो मी त्याच दिवशी दूर केला.

आता बघा फरक. तीन वर्षं एका शब्दाला दोन शब्द परत यायचे. आता मी ‘पाणी’ म्हणायच्या आत पेला हजर. अहो, लोखंड हट्टी असतं, त्यालाही कानस लावली की सरळ येतं, ही तर बाई माणूस. परवा मी विचारलं, ‘काय, पोकळ आहे का मी?’ तर मान हलवून ‘नाही’ म्हणाली. बोलली नाही हं, मान हलवली. जिंकलो की नाही? हे कोशात घाला. तारीख, वक्ता, श्रोता सगळं तुमच्या शिस्तीत लिहून वेगळं कार्ड जोडलंय.

तुमचं पुस्तक छापून आलं की पहिली प्रत माझी.

आपला जावई


१८ मार्च

या पत्राला मायना सुचत नाही. मागाहून घालीन.

सोबत जावयांचे पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलेस? मी ते काल दुपारपासून वाचतो आहे. पहिल्यांदा वाचताना, लाज वाटते सांगायला, मी त्यातल्या वाक्यांचे वर्ग करीत होतो. डॉक्टरचे वाक्य ‘व्हॉन्ट’. अक्षराचे ‘ब्रॅग’. मग ‘जिंकलो की नाही?’ येथे आलो आणि पेन्सिलीने ‘क्रो’ लिहिले. लिहिले आणि हात तेथेच राहिला. बाकीच्या तिन्ही फुशारक्या माणूस एकटाही मारू शकतो, आरशापुढेसुद्धा. ‘क्रो’ला समोर कोणीतरी पडलेले असावे लागते. कोंबडा उगाच छाती काढत नाही. दुसरा कोंबडा रक्तबंबाळ होऊन कोपऱ्यात गेलेला असतो.

स्वल्पीने मला विचारले होते, बोस्ट की ब्रॅग. म्हणजे ‘मामा, हा खरेच करील का?’ असे विचारले होते. पत्र तो वाचतो, दाराला कुलूप असते, हेही तिने सांगितले होते. त्यापलीकडे एका कैद्याने काय लिहायचे? आणि मी, चाळीस वर्षांचा कोशकार, एका दाखल्यावर निकाल देऊन मोकळा झालो. वर त्या माणसाला त्याच्याच टेबलावर पोकळ म्हणालो. ते खोटे ठरवायला त्याला एक मनगट पुरले.

अक्षर बिघडले आहे, त्याबद्दल काही म्हणू नकोस. तू बहिणीकडे, त्याच शहरात आहेस. जाऊन ये. पण त्याच्या देखत काही बोलू नकोस. मला फार भीती वाटते.


२२ मार्च

अहो,

मायना गेला चुलीत. मी जाऊन आले.

तुम्ही जन्मभर शब्दांच्या नाड्या तपासल्यात, बोलणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नाहीत. मी म्हटलं होतं तेव्हा, नकार द्या. पण माझं कोण ऐकतंय! मी काय, कार्डावर नव्हते ना. असो. मीही काही शहाणी नाही. मागं दोनदा त्या जिन्यावरून परत आले. वर कुलूप बघितलं, खाली दुकानातून हा हसत म्हणाला, ‘मामी, ती बाहेर गेलीय, कुलूप दिसत नाही का?’ आणि मी गुडघा धरत उतरले. ती आत होती हो. दाराच्या पलीकडे उभी असेल, माझी काठी ओळखली असेल तिनं.

शेजारी एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिच्याकडे ब्लाउजचं निमित्त काढून तासभर बसले. ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘कुलूप दिवसभर असतं, पण वर पावलं वाजतात. डॉक्टर आला तेव्हा तिचा नवरा बोर्डावर लिहावं तसं सगळ्यांना सांगत होता, जिन्यात पडली म्हणून. काकू, कुलपाच्या आतली बाई कुलपाबाहेरच्या जिन्यात कशी पडेल?’

मागच्या गल्लीतून खिडकी दिसते. गज आहेत. मला बघितलं तिनं. प्लास्टरचा हात वर केला आणि पटकन आत गेली. हाक मारली नाही. मीही मारली नाही.

पोलिसांकडे गेले. म्हणाले, बाईनं स्वतः येऊन सांगावं. म्हटलं, कोंडलीय, येणार कशी? तर म्हणे, नवऱ्याला बोलावून विचारू. मी हात जोडले, बाबांनो, तेवढं करू नका, तुम्ही विचारून जाल आणि मग तिला कोण वाचवेल? बहिणीच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. त्या म्हणाल्या, एकदा बाहेर आणा, पुढचं माझ्याकडे. पण आणायचं कसं? दाराला लोखंडी पत्रा, त्यावर ते चार वर्षांचं कुलूप, आणि हा राक्षस सकाळपासून जिन्याखाली बसलेला.

तुम्हाला शब्द येतात ना? मग आता काढा एखादा.

मी


२५ मार्च

श्री. जावई यांस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र व कार्ड मिळाले. प्रथम एक कर्तव्य पार पाडतो. आपल्या वाक्यास मी ‘पोकळ’ म्हटले, ती माझी चूक होती. चाळीस वर्षांत लेखी मान्य केलेली ही माझी पहिलीच चूक, आणि ती आपल्यापाशी मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता विनंती. ‘बोस्ट’ची नोंद संपूर्णपणे आपल्याच वाक्यांवर उभी करावी असे ठरविले आहे. वक्त्याने स्वमुखाने वाक्य म्हणून दाखवावे व मी ते ताडून पाहावे, अशी आमची पद्धत आहे. शिवाय ‘लॉक’, म्हणजे कुलूप, या नोंदीपुढे एक चित्र छापायचे आहे. बाजारातल्या सामान्य कुलपाचे चित्र छापणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या दारावरील कुलूप, जे दोन कारागिरांना दिवसभरात उघडता आले नाही, तेच तेथे शोभेल. आमचे चित्रकार वस्तू समोर असल्याखेरीज रेघ ओढीत नाहीत. तेव्हा आपण ते कुलूप घेऊन ८ एप्रिल रोजी सकाळी यावे. चित्राखाली आपले नाव येईल.

चि. स्वल्पीला आणण्याची तसदी घेऊ नये. प्रवासात हात दुखेल, आणि येथे तिचे काही काम नाही.

आपला नम्र


२९ मार्च

मामांना नमस्कार.

चूक मान्य करायला छाती लागते. मला जमलं नसतं, पण माझ्याकडून चूकच होत नाही त्याला काय करणार!

आठ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत. दाराचं कुलूप आदल्या दिवशी काढीन. एक दिवस तिथं दुकानातलं लावतो. तेही माझ्याच हातचं आहे म्हटल्यावर काळजी नाही. ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला किल्ली माझ्याकडेच मागावी लागेल. चित्रकाराला सांगा, खालचं नाव ठसठशीत पाहिजे.

जावई


१ एप्रिल

प्रिय,

मायना सुचला.

तो येतो आहे, आणि कुलूप घेऊन येतो आहे. सोबतचे पत्र पाहा. आता सगळे त्याच्या एका वाक्यावर टांगलेले आहे: दुकानातले कुलूपही कोणाला उघडता येणार नाही, असे तो म्हणतो. घरच्या कुलपाविषयी तो बोलला ते खरे निघाले. हे खरे की पोकळ? उघडले नाही आणि तू व वकीलबाई जिन्यात खाटखुट करीत राहिलात, कोणी त्याला कळवले, तो परत गेला, तर त्यानंतर तिच्यावर काय येईल ते मी लिहू शकत नाही.

मागच्या वेळी मी एका दाखल्यावर निकाल दिला. या वेळी मी निकाल देणारच नाही. मला तीन दाखले हवेत. त्याच्या दुकानातून गेलेली तीन कुलपे, तीन वेगवेगळ्या हातांतली. उघडून पाहा. एक जरी अडले, तरी मला कळव. मी त्याला येऊ नका म्हणून तार करीन आणि आपण दुसरा मार्ग शोधू.

काम झाले तर पोस्टातून आपल्या घरी दूरध्वनी कर. मला ते यंत्र आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी मी यंत्रापासून हलणार नाही. तो समोर असेल, म्हणून एवढेच विचार: ‘माझा चष्मा सापडला का?’ त्यावरून ती बाहेर आली असे मी समजेन.


४ एप्रिल

अहो,

दाखला पहिला: शिवणवालीच्या दुकानाचं कुलूप, त्याच्याकडूनच घेतलेलं. किल्ली वर्षापूर्वी हरवली. ती रोज कात्रीच्या टोकानं उघडते आणि म्हणते, ‘काकू, किल्लीपेक्षा हेच बरं.’ दुसरा: वकीलबाईंच्या कचेरीतल्या कपाटाचं कुलूप, तेही त्याच्याच दुकानातलं. त्यांनी नखाची कानस घातली आणि स्वतःच घाबरल्या, आत सगळ्यांचे कागद आहेत हो! तिसरं माझ्या बहिणीनं आजच विकत आणलं. त्यानं तिला अर्धा तास भाषण दिलं. घरी येऊन मी केसातला आकडा घातला. गुडघा धरून उठायला मला जेवढा वेळ लागतो तेवढाही ते तग धरेना.

तीन झाले. आता निकाल द्या, नाहीतर मीच देते: ब्रॅग!

एवढं हसून लिहितेय, पण आकडा उशाखाली ठेवून झोपणार आहे. आठ तारखेला नऊच्या पुढे जिना चढीन. वकीलबाई सोबत आहेत. खिडकीतून तिला काही कळवलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली असती तर त्यानं ती वाचली असती.

मी


८ एप्रिल, दुपार

प्रिय,

हे पत्र आज टाकता येणार नाही, तरी लिहितो. काही लिहीत असलो म्हणजे तो मला कामात समजतो. तो पलीकडच्या खोलीत आहे. चित्रकार कुलपाचे चित्र काढीत आहे आणि तो त्याला ते कसे काढायचे हे शिकवीत आहे.

दहा वाजता आला. कुलूप कापडात गुंडाळून छातीशी धरून आणले होते. नारळाएवढे आहे. टेबलावर ठेवले तेव्हा कार्डांचे खोके हादरले. मी त्याला वाक्ये म्हणायला लावली. पहिली तीन त्याने ऐटीत म्हटली. चौथ्यापाशी माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘हे म्हणताना समोर कुणी असलं की मजा येते.’ मग माझ्याकडे पाहातच म्हटले. मी मान खाली घालून ताडून पाहिले. शब्दाला शब्द जुळला.

अकरा वाजले. बारा वाजले. तू नऊला जिना चढणार होतीस. त्याला जेवायला वाढले. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही काही खात नाही.’ मी म्हणालो, वय. साडेबारा. आकडा मोडला असेल. शेजाऱ्यांनी हटकले असेल. ती स्वतःच दाराबाहेर यायला भ्यायली असेल. असेही होऊ शकते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले आणि मग मला धड बसवेना.

एक वाजून दहा मिनिटांनी यंत्र वाजले. मी उठलो, पण पाय वळला, आणि तो माझ्या आधी पोचला. ‘हॅलो! कोण? मामी! अहो, मी जावई बोलतोय! ओळखलं नाहीत?’ मी भिंत धरून उभा होतो. तो ऐकत होता. किती वेळ ऐकत होता ते मला सांगता येणार नाही. मग वळून म्हणाला, ‘मामी विचारतायत, त्यांचा चष्मा सापडला का.’

मी म्हणालो, ‘सापडला म्हणून सांगा.’

‘सापडला हो मामी, सापडला!’ तो मोठ्याने ओरडला आणि यंत्र ठेवले. ‘धापा टाकत होत्या. वय दुसरं काय! आमच्याकडे वस्तू कधी हरवतच नाही बघा. ज्याची त्याची जागा मी ठरवून दिलीय.’

तो पुन्हा चित्रकाराकडे गेला आहे. चित्र आज पुरे होणार नाही, कुलूप दोन दिवस ठेवावे लागेल, असे मी त्याला सांगितले. म्हणाला, ‘ठेवा, किल्ली माझ्या खिशात आहे.’

संध्याकाळच्या गाडीला अजून चार तास आहेत. मला त्याच्यासमोर बसून हसायचे आहे. मी आयुष्यात इतके खोटे वाक्य कधी बोललो नव्हतो. आणि ते अचूक होते.


१९ एप्रिल

ती. मामा,

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नका. हे पत्र कुणीही आधी वाचलेलं नाही. पाकिटात मीच घालणार आहे. हे लिहिताना दोनदा मागे वळून बघितलं.

कुलूप पडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं हेच परत आले. मी कपाटामागे गेले. मामी दारातून हाका मारत होत्या, आणि मला वाटत होतं की हे मुद्दाम कुणाकडून तरी मामींचा आवाज काढून घेतायत. तासन्‌तास लागले, मामा. मामी आत येऊन जमिनीवर बसल्या, गुडघा दुखत असताना, आणि म्हणाल्या, ‘तू ये नाहीतर नको येऊस, मी काही आता उठत नाही. मला उठवायला तरी ये.’ मग मी आले.

अकरा तारखेला हे तुमच्या दाराशी आले होते, तुम्ही आतून पोलिसांना बोलावलंत आणि कुलूप त्यांच्या हवाली केलंत, हे मामींनी सांगितलं. तुम्ही घाबरला होता का? मामी म्हणाल्या, ‘नसतील तर माझं नाव बदल.’

तक्रार नोंदवली. आधी तिथले साहेब म्हणाले, ‘नवराबायकोत बोलाचाली होतात, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, पुरावा काय?’ वकीलबाईंनी तुम्ही रजिस्टरनं पाठवलेली कार्डं पुढे ठेवली. तारीख, वक्ता, श्रोता, प्रसंग. आणि ह्यांच्या स्वतःच्या अक्षरातलं कार्ड, ‘जिंकलो की नाही’ म्हणणारं. साहेबांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, ‘आमच्या ठाण्यात इतकी नेटकी नोंद होत नाही. कुणी शिकवलं?’ मी सांगितलं.

ह्यांना धरलं आहे. किती दिवस ते कुणी सांगत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून कोपरा शोधते.

तुम्ही फेब्रुवारीत एक कार्ड नव्यानं मागितलं होतं. उशीर झाला. जोडलं आहे, तारीख आणि प्रसंग तेच. वर्गाची जागा मोकळी ठेवली आहे, ती तुम्ही भरा.

‘मी मनात आणलं ना, तर तू या घरात होतीस हेसुद्धा कुणाला आठवणार नाही.’
वक्ता: नवरा.
श्रोता: मी.

स्वल्पी


२३ एप्रिल

चि. स्वल्पी हीस,

कार्ड मिळाले. नियमानुसार आहे.

वर्ग भरला: धमकी. फुशारकीच्या चारही शब्दांत या वाक्याला जागा नव्हती, हे मला फेब्रुवारीतच दिसायला हवे होते. ‘ब्रॅग’खाली दुसरा दाखला घातला आहे: ‘चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचे कार्ड खोक्यात गेलेले नाही.’ वक्ता: कोशकार. श्रोता: भाची. तुझी हरकत नसेल तर छापतो.

मामीला तिचे नाव बदलायची गरज नाही, असे सांग. अकरा तारखेला तो दार ठोठावीत होता तेव्हा मी टेबलाखाली होतो.

पुढच्या आठवड्यात मामीबरोबर इकडे ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. खोल्यांच्या दारांना बाहेरून ज्या कड्या होत्या, त्या काल सुतार बोलावून सगळ्या काढून टाकल्या. आतल्या तेवढ्या ठेवल्या आहेत. त्या सहज सरकतात, डाव्या हातानेही. मी लावून पाहिल्या.

मामा